आमची कपिला

गेल्या महिन्याच्या पत्रांत तुरिन शहराच्या हिंवाळ्याविषयीं लिहितांना आमच्या घरच्या जुन्या मोटारीचा उल्लेख मीं सहज, एका वाक्यापुरता केला होता. त्या एका वाक्यानें वाचकांचें एवढें कुतूहल जागें होईल अशी मला कल्पना नव्हती. आलेल्या पत्रांपैकीं एक वाईच्या एका वयोवृद्ध भगिनींचें आहे. त्या विचारतात, "परदेशांत राहणाऱ्या नोकरदार, संसारी माणसानें पन्नास वर्षांची मोटार कशासाठीं बाळगावी? ती धड वाहनहि नव्हे आणि धड दागिनाहि नव्हे." प्रश्न रोखठोक आहे, आणि खरें सांगावयाचें तर हाच प्रश्न मी आमच्या घरीं कित्येक वर्षें विचारीत आलें आहें. त्याचें उत्तर मला मिळावयास फार दिवस लागले. तेव्हां या महिन्याचें पत्र त्या उत्तरालाच वाहिलें तर वाचक मला क्षमा करतील अशी आशा आहे.

प्रथम मोटारीची ओळख करून देतें. तिचें नांव लान्चा फुलविया. 'लान्चा' हें कारखान्याच्या संस्थापकाचें आडनांव असून इटालियन भाषेंत त्याचा अर्थ भाला असा होतो. हें नांव फोनवर प्रथम कानीं पडलें तेव्हां पुण्याच्या आमच्या सासूबाईंनीं घाबरून विचारलें होतें, "लांच? अरे, लांच देऊन घेतलीस कीं काय?" 'फुलविया' हें नांव मात्र एका रस्त्याचें आहे. या कारखान्यानें आपल्या कित्येक मोटारींना प्राचीन रोमन राजमार्गांचीं नांवें दिलीं. आपिया, औरेलिया, फ्लामिनिया हीं त्यांतलींच. फुलविया नांवाचा मार्ग इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत बांधला गेला, आणि तो आमच्या या तुरिन शहराच्या दिशेनेंच येत असे. शिवाय लॅटिन भाषेंत 'फुल्वुस' या शब्दाचा अर्थ पिंगट, तांबूस-पिंवळा असा आहे. ह्यांनीं ही व्युत्पत्ति मोठ्या उत्साहानें सांगितली तेव्हां सासूबाई म्हणाल्या, "मग सरळ कपिला म्हणावें कीं! एवढी जीभ कशाला वळवायची?" तेव्हांपासून ती आमच्या घरीं कपिला झाली. रंगानें ती गर्द निळी आहे, हा भाग निराळा.

या कारखान्याचा मूळ पुरुष विन्चेन्झो लान्चा हा १८८१ सालीं आल्प्स पर्वताच्या कुशींतील फोबेल्लो नांवाच्या खेड्यांत जन्मला. घरचा धंदा डबाबंद सूप तयार करण्याचा. मुलानें हिशेबाची विद्या शिकून पोटाला लागावें अशी वडिलांची इच्छा. पण मुलगा तुरिनमधील ज्या सायकलीच्या कारखान्यांत हिशेबनीस म्हणून शिरला तेथें वह्यांपेक्षां यंत्रांतच अधिक रमूं लागला. पुढें फियाट कारखान्याच्या मोटारी त्यानें शर्यतींत धांवविल्या आणि १९०६ सालीं एका सहकाऱ्याच्या भागींत स्वतःचा कारखाना काढला. १९२२ सालीं त्यानें लोकांपुढें आणलेली 'लाम्ब्दा' ही मोटार यंत्रविद्येच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. तोंपर्यंत मोटारी बैलगाडीच्या पद्धतीनें बांधीत: खालीं भक्कम सांगाडा आणि त्यावर बसविलेली पेटी. लाम्ब्दांत मोटारीचा देहच भार वाहूं लागला, जसा नौकेचा तळ वाहतो. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक मोटारी त्याच तत्त्वावर उभ्या आहेत. विन्चेन्झो १९३७ सालीं वारला. पण 'स्वस्तांत पुष्कळ करण्यापेक्षां थोडें परंतु विचारपूर्वक करावें' ही त्याची वृत्ति कारखान्यांत पुढें पुष्कळ वर्षें टिकली.

फुलविया ही त्याच वृत्तीची कन्या होय. तिची घरगुती, चार दारांची आवृत्ति १९६३ सालीं निघाली आणि आमच्या मोटारीसारखी दोन दारांची, ठेंगणी, चपळ आवृत्ति १९६५ सालीं. पहिलीची यंत्ररचना आन्तोनिओ फेस्सिया या अभियंत्याची, दुसरीचें रूप प्येरो कास्तान्येरो याच्या हातचें. तिच्या यंत्राची एक गंमत मला ह्यांनीं जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून समजावून दिली होती. मोटारीच्या इंजिनांतील चार सिलिंडर एक तर एका रांगेंत उभे करतात, नाहीं तर दोन रांगांत, एकमेकांपासून चांगले फांकलेले ठेवतात. पहिल्या पद्धतींत इंजिन लांब होतें, दुसरींत रुंद. लान्चानें मधला मार्ग काढला. चार सिलिंडर नागमोडी, एकमेकांशीं अवघा सुमारें १३ अंशांचा कोन करून बसविले. पोथी मिटतां मिटतां बोटभर उघडी राहावी तसे. त्यामुळें चौघांवर मिळून एकच झांकण पुरतें. मग तें सबंध इंजिन ४५ अंशांत एका कुशीवर कलतें केलें. दुपारच्या जेवणानंतर आरामखुर्चींत रेललेल्या गृहस्थासारखें तें दिसतें. त्याची शक्ति पुढच्या चाकांना मिळते, आणि चारहि चाकांना तबकडीचे ब्रेक आहेत. त्या काळीं लहान मोटारींत हें सगळें एकत्र आढळणें दुर्मिळ होतें.

इतक्या कुसरीनें मोटारी करणाऱ्यास पैसा पुरत नाहीं, हें निराळें सांगावयास नको. १९६९ सालीं कर्जानें वांकलेला हा कारखाना फियाटच्या हातीं गेला. आमची मोटार त्याच वर्षींची, १२९८ घन सेंटिमीटर इंजिनाची आणि सुमारें ९० अश्वशक्तीची. तिचीच थोरली बहीण १६०० एच. एफ. हिनें १९७२ सालच्या जानेवारींत मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली. सान्द्रो मुनारि चालक होता आणि मारिओ मान्नुच्चि त्याचा सहचालक. अधिक बलाढ्य मोटारींना बर्फाच्या रस्त्यावर या लहानशा मोटारीनें मागें टाकलें, ही गोष्ट तुरिनमधील म्हातारीं माणसें अजून काल घडल्याप्रमाणें सांगतात. त्या एच. एफ. मोटारींच्या कपाळीं धांवत्या हत्तीचें चिन्ह असतें. हत्ती पाहून ह्यांनाहि मोह झाला आणि तसलेंच एक चिन्ह आमच्या कपिलेला लावावें म्हणून हे तें घेऊन आले. पण आमच्या मिस्त्रीबोवांनीं तें हातांत घेऊन परत ह्यांच्या खिशांत घातलें. "हत्ती कमवावा लागतो, विकत आणून चिकटवायचा नसतो," असें त्यांचें म्हणणें.

आतां संसाराकडे वळतें. २०११ सालीं हे एका संध्याकाळीं घरीं आले ते खिडकीखालीं उभ्या असलेल्या या निळ्या मोटारीकडे बोट दाखवीतच. नव्या स्वयंपाकघरासाठीं मीं चार वर्षें पैसा पैसा बाजूला टाकला होता. ती रक्कम त्या संध्याकाळीं खिडकीखालीं उभी होती. मला विचारलें नव्हतें. त्या रात्रीं मीं भांडण केलें नाहीं, आणि तें न करणेंच अधिक वाईट ठरलें. कारण पुढें दहा वर्षें ओट्याचें प्रत्येक दार कुरकुरलें कीं माझी नजर खिडकीबाहेर जाई.

आणि त्या मोटारीचे लाड तरी किती! तिला सकाळीं उठवावयाचें म्हणजे एक विधीच आहे. आधीं चोकची कळ ओढावी, पाय दोनदां दाबावा, किल्ली फिरवावी आणि धीर धरावा. कारण आठ दिवस उभी राहिली असेल तर तिच्या कार्ब्युरेटरांत पेट्रोल वर चढावयास वेळ लागतो. मग खोकल्याचे दोन-चार ठसके, आणि नंतर एक बारीक, तालबद्ध गुरगुर. चाक वळवावयास उभ्या जागीं इतकें जड कीं मला दोन्ही हात आणि खांदा लावावा लागे. मोटार चालूं लागतांच मात्र तें हलकें होतें. मागच्या बैठकी नांवाला दोन, त्यांत लहान मुलगी आणि भाजीची पिशवी यांपैकीं एकच कांहीं तरी नीट बसे. पावसांत कांचा आंतून धुरकट होत आणि पुसावयाचें काम माझ्याकडे असे. तरीहि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तिचे खांब इतके बारीक आणि कांचा इतक्या मोठ्या आहेत कीं आंत बसल्यावर घराच्या गच्चींत बसल्याचा भास होतो, आणि डोंगराच्या वळणावर ती अशी अलगद वळते कीं तेवढ्यापुरता मला माझ्या ओट्याचा विसर पडे. पण हें मी ह्यांना बोलून दाखवीत नसें.

ह्यांना या मोटारीचें वेड कां, याचा उगम पुण्यास होता. माझ्या मामंजींनीं १९८४ सालीं, कित्येक वर्षें नंबर लावून, प्रीमियर पद्मिनी मोटार घेतली होती. पद्मिनी म्हणजे मूळची तुरिनचीच फियाट ११००. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होऊं लागली आणि पुढें तिनें हें देशी नांव धारण केलें. मामंजी बँकेंत कारकून. दर रविवारीं सकाळीं ते मोटार स्वतः धूत, आणि बादली धरण्याचा मान ह्यांचा असे. उन्हाळ्यांत वाईला जातांना खंबाटकीचा घाट चढला कीं मोटार हटकून बंद पडे. उष्णतेनें पेट्रोलची वाफ होई. मग बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें धरावयाचें, आणि फडकें धरण्याचें काम पुन्हां ह्यांचेंच. १९९९ सालीं मामंजी निवृत्त झाले आणि त्यांनीं ती मोटार विकली. हे तेव्हां शिक्षणासाठीं परगांवीं होते. "गाडी दिली. वाईट वाटून घेऊं नये," एवढीं दोन वाक्यें पत्रांत होतीं. हें सगळें मला पुष्कळ उशिरां कळलें. ह्यांनीं सांगितलें नव्हतें, आणि मीं विचारलें नव्हतें.

२०२० सालच्या मार्चमध्यें इटलींत टाळेबंदी झाली आणि कपिला गॅरेजांत बंद झाली. पुढच्या वर्षीं एप्रिलांत पुण्यास मामंजी गेले. प्रवासाचे मार्ग बंद होते. ह्यांच्या चुलतभावानें अग्नि दिला आणि आम्हीं तो स्वयंपाकघराच्या टेबलावर, फोनच्या तळहाताएवढ्या कांचेंत पाहिला. घरीं कोणी समाचाराला आलें नाहीं, येणार कोण? आपल्याकडे माणूस गेलें कीं दहा दिवस दार उघडें असतें, माणसें येतात, तीच तीच हकीकत पुनःपुन्हां विचारतात, आणि सांगतां सांगतां दुःखाची धार बोथट होते. त्या रीतीचें मोल मला त्या दहा दिवसांत कळलें. हे तिसऱ्या दिवशीं संगणक उघडून कामाला बसले. त्यानंतर वर्षभर ह्यांनीं वडिलांचें नांव काढलें नाहीं, आणि गॅरेजची किल्लीहि हातांत घेतली नाहीं.

२०२२ च्या वसंतांत एके दिवशीं हे म्हणाले, "अगं, ती मोटार विकून टाकूं. तुझें स्वयंपाकघर तरी होईल." अकरा वर्षें ज्या वाक्याची मी वाट पाहत होतें तें ऐकून मला आनंद व्हावयास हवा होता. पण ह्यांचा स्वर ऐकून माझ्या पोटांत धस्स झालें. एक गिऱ्हाईक मिलानहून आलें. किल्ली फिरविली तर आवाज नाहीं; ढकलूं गेलों तर चाकें जागचीं हलेनात. त्या गृहस्थांनीं ठरल्या किंमतीच्या निम्मी किंमत सांगितली. हे ती घेण्यास तयार झाले. "उद्यां कळवितों," असें मींच मध्यें बोललें, आणि संध्याकाळीं मिस्त्रीबोवांना फोन केला.

या मिस्त्रीबोवांना आम्ही मास्तर म्हणतों; इटालियन 'मायेस्त्रो' आणि आपला मास्तर यांत अंतर फारसें नाहीं. वय सत्तरीपुढें. लान्चाचा जुना कारखाना ज्या बोर्गो सान पाओलो मोहल्ल्यांत होता, तेथेंच ते पोरवयांत हें काम शिकले. मास्तरांनीं चाकांपाशीं गुडघे टेकले, झांकण उघडून वास घेतला, आणि उठून म्हणाले, "ही आजारी नाहीं. हिला टाकून दिलेलें आहे." दोष सर्वस्वीं आमचा होता. दोन वर्षें टांकींत राहिलेलें पेट्रोल डिंकासारखें झालें होतें. ब्रेकचें तेल हवेंतलें पाणी शोषून घेतें, तें वेळेवर न बदलल्यामुळें ब्रेक आंतल्या आंत गंजून चाकांना घट्ट धरून बसले होते. आणि टाळेबंदीच्या आधींच्या हिंवाळ्यांत मुलीला बर्फ दाखवावयास आम्ही सेस्त्रियेरेला गेलों होतों, तेव्हां रस्त्यावर पसरलेलें मीठ मोटारीच्या पोटाला लागलें; परत आल्यावर तें धुवावयास हवें होतें, तें आम्हीं धुतलें नाहीं. इंजिन, गिअरपेटी आणि पुढचीं चाकें ज्या लोखंडी चौकटीवर तोलून धरलेलीं असतात तिच्या सांध्यांना त्या मिठानें पोखरलें होतें.

"दुरुस्त होईल?" ह्यांनीं विचारलें.

"होईल," मास्तर म्हणाले. "पण मी एकटा करणार नाहीं. दर शनिवारीं मालकानें यावें. वर्षा-दीड वर्षांत मी दुकान बंद करणार आहें. मागून हिला कोण पाहील?"

अशा रीतीनें आमचे शनिवार सुरू झाले. चौदा वर्षांची आमची कन्या प्रथम कंटाळ्यानें बरोबर गेली आणि नंतर आपण होऊन जाऊं लागली. सबंध चौकट इंजिनासकट खालीं उतरविली गेली. निघालेला प्रत्येक बोल्ट माझ्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत चिठ्ठी लावून ठेवण्याचें काम तिचें. माझें काम दुपारचा डबा पोंचविण्याचें. मास्तरांना थालीपीठ आवडतें असा शोध लागला. लिंबाच्या गोड लोणच्याला ते मुरंबा समजून पावाला लावून खात. गंजलेला पत्रा कापून त्या जागीं नवा जोडतांना ते ह्यांना वारंवार एकच गोष्ट बजावीत: जेवढें खराब तेवढेंच कापा, जें धड आहे त्याला हात लावूं नका.

आक्टोबरांतील एका शनिवारीं मी डबा घेऊन दारांत पोंचलें तेव्हां आंतून ह्यांचा आवाज येत होता. पेट्रोलचा पंप बांकावर सुटा करून ठेवला होता आणि ह्यांच्या हातांत ओलें फडकें होतें. "अगदीं असाच पंप," हे मुलीला सांगत होते. "नाना म्हणायचे, फडकें गच्च धरूं नकोस, नुसतें टेकव, तिलाहि श्वास घ्यायचा असतो. घाटांत खालून लॉऱ्या यायच्या, आणि नाना रस्त्याच्या बाजूला उभे राहायचे, मी आंतल्या बाजूला." मुलगी विचारीत होती, हे सांगत होते. धोतर कीं विजार? रागवायचे का? पन्नास पैशांचा बर्फाचा गोळा कोण घ्यायचें? दीड वर्षांत 'नाना' हा शब्द मीं ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी डबा हातांत घेऊन बाहेरच उभी राहिलें. थालीपीठ निवून गेलें.

२०२३ च्या एप्रिलांत कपिला पुन्हां बोलली. मिलानच्या गृहस्थांना कोठून तरी वार्ता लागली आणि त्यांनीं फोन करून पहिल्यापेक्षां चांगली किंमत सांगितली. फोन मींच घेतला होता. "मोटार विकावयाची नाहीं," असें म्हणून मीं तो खालीं ठेवला. हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आणि स्वयंपाकघर?" मीं म्हटलें, "तें पळून जात नाहीं. पण पुढच्या वेळीं विचारायचें." हे वर्तमानपत्र खालीं करून म्हणाले, "चुकलेंच माझें." बारा वर्षांनीं हा हिशेब असा फिटला.

त्याच वर्षीं सासूबाई आमच्याकडे आल्या. दसरा २४ आक्टोबरला होता. मोटारीची पूजा झालीच पाहिजे असा त्यांचा आग्रह. झेंडू मनासारखा मिळेना, परंतु बाजारांत पिंवळ्या-पांढऱ्या शेवंतीचे ढीग लागले होते. सासूबाईंनीं हरखून दोन जुड्या घेतल्या, रात्रीं बसून भरघोस हार ओंवला, आणि सकाळीं हळदकुंकू लावून तो कपिलेला घातला. आम्हां दोघांना तिकडची रीत ठाऊक असूनहि त्या गडबडींत सुचलें नाहीं. इटलींत शेवंती हें मृतांचें फूल आहे. नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो, त्यासाठीं ती बाजारांत येते, आणि स्मशानाखेरीज इतरत्र कोणी ती नेत नाहीं.

आमच्या इमारतींतील एक वृद्ध शेजारीण त्या वेळीं अंगणांतून जात होत्या. हार पाहून त्या थबकल्या, हातांतली पिशवी खालीं ठेवली आणि ह्यांच्याजवळ येऊन हलक्या आवाजांत विचारलें, "कोण गेलें?"

गैरसमज दूर करावा म्हणून मी तोंड उघडणार, इतक्यांत हे म्हणाले, "माझे वडील."

त्यांनीं ह्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. केव्हां गेले, काय झालें होतें, तुम्हांला जातां आलें का, असें एकेक विचारूं लागल्या, आणि हे एकेक सांगूं लागले. त्यांचे यजमान २०२० च्या मार्चमध्यें गेले होते. त्या दिवसांत इटलींत अंत्यविधीला माणसें जमविण्यास बंदी होती. त्यांच्याहि घरीं कोणी आलें नव्हतें. सासूबाईंना भाषेचें एक अक्षर कळत नव्हतें. पण काय चाललें आहे हें त्यांना कळलें. त्यांनीं पदर सांवरला आणि त्या बाईंच्या शेजारीं, अंगणांतल्या दगडी कट्ट्यावर, जाऊन बसल्या. मामंजींच्या समाचाराला आमच्या घरीं पहिलें माणूस आलें तें अडीच वर्षांनीं, आणि तें असें.

त्यानंतर सहा दिवसांनीं मुंबईची बातमी आली. २०२३ च्या आक्टोबरच्या ३० तारखेला शहराच्या टॅक्सींतून पद्मिनी कायमची निवृत्त झाली. वीस वर्षांची वयोमर्यादा भरली होती. ह्यांनीं ती बातमी मोठ्यानें वाचली. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या गाडीचा नंबर आठवतो का रे तुला?" ह्यांनीं तो तात्काळ सांगितला, आणि दोघेंहि हंसलीं.

आतां ज्यांच्या घरीं असलें वेड शिरूं पाहत असेल त्यांच्यासाठीं चार अनुभवाच्या गोष्टी. जुनी मोटार घेतांना इंजिनाचा आवाज ऐकून भुलूं नये. वांकून पोट पाहावें. इंजिन पुन्हां बांधतां येतें, गंजलेला देह बांधणें फार महाग पडतें. मोटार घेण्यापूर्वीं मिस्त्री शोधावा, नंतर नव्हे. पंधरा दिवसांतून एकदां तरी ती चालवून चांगली तापूं द्यावी. ब्रेकचें तेल दोन वर्षांनीं बदलावें, मग ती चालो वा न चालो. कागदपत्रें जपावीं: इटलींत तीस वर्षांवरील मोटारींना वार्षिक करांत मोठी सवलत आहे, आणि भारतांतहि २०२१ सालापासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारींची स्वतंत्र नोंदणी करतां येते. अशा मोटारींत आधुनिक संरक्षणाचीं साधनें नसतात, म्हणून वेगाचा मोह टाळावा. आणि शेवटची व सर्वांत महत्त्वाची गोष्ट: घरांत विचारावें.

वाईच्या भगिनींना माझें उत्तर एवढेंच कीं, आपण म्हणतां तें खरें आहे. कपिला धड वाहनहि नाहीं आणि धड दागिनाहि नाहीं. पण आमच्या घरीं एक दुःख बोलल्यावांचून बसलें होतें, त्याला तोंड फोडावयास ती उपयोगी पडली. आपल्या घरींहि अशी एखादी वस्तु असेल: बंद पडलेलें घड्याळ, तारा तुटलेली सतार, कोणी तरी मागें ठेवून गेलेली शिवणाची पेटी. ती मोडींत काढण्यापूर्वीं एकदां उघडून, कोणाला तरी शेजारीं बसवून, पुसून पाहावी.

मास्तरांनीं ठरल्याप्रमाणें दुकान बंद केलें आहे. आपलीं कांहीं हत्यारें त्यांनीं आमच्या मुलीला दिलीं. ती अजून परवान्याच्या वयास पोंचली नाहीं, पण चोक किती ओढावा हें तिला ह्यांच्यापेक्षां अधिक कळतें. आज शनिवार आहे. दोघेंहि सकाळींच गॅरेजांत गेलीं आहेत आणि मास्तर त्यांच्या चुका काढावयास यावयाचे आहेत. ओट्याचें दार अजून कुरकुरतें. थालीपिठाचें पीठ भिजवावयाचें आहे, तेव्हां हें पत्र येथेंच पुरें करतें.